अँपिअर-तासापासून ग्रॅमपर्यंत : विद्युतरसायनात प्रभाराची एकके कशी बदलायची

बारावीच्या पुस्तकात विद्युतप्रभार कूलोममध्ये असतो. वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या प्लेटिंग शॉपमध्ये, म्हणजे विजेने धातूचा मुलामा चढवणाऱ्या कारखान्यात, तोच अँपिअर-तासात मोजतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ‘एएच’ (अँपिअर-तास) छापलेलं असतं, मोबाइलच्या बॅटरीवर ‘एमएएच’ (मिलीअँपिअर-तास), आणि पीएचडीच्या प्रबंधात कधी मायक्रोकूलोम तर कधी फॅरेडे. वस्तू मात्र एकच: एकूण किती वीज वाहून गेली.

एका एककातून दुसऱ्यात जाण्याचा गुणाकार सोपा आहे, तिथे फारसं कुणी चुकत नाही. नवा माणूस चुकतो तो वेळ लिहिताना, इलेक्ट्रॉनांची संख्या धरताना आणि प्रभाराच्या जागी ऊर्जा धरताना. म्हणून पुढे त्या जागांवर जास्त थांबलो आहोत.

आधी प्रवाह आणि प्रभार वेगळे करा

ठिबकचा ड्रिपर ताशी ४ लिटर पाणी सोडतो. संच तीन तास चालला की झाडाला १२ लिटर मिळालं. ‘ताशी ४ लिटर’ हा वेग आहे आणि ‘१२ लिटर’ हे माप. विजेत अँपिअर हा वेग. कूलोम आणि अँपिअर-तास ही मापं.

१ अँपिअर प्रवाह १ सेकंद वाहिला तर १ कूलोम. तोच तासभर वाहिला तर १ अँपिअर-तास. ‘अँपिअर-तास’ हा गुणाकार आहे, भागाकार नाही. ‘१५० अँपिअर प्रति तास’ असं बोललेलं आणि लिहिलेलंही सर्रास आढळतं. त्याला काही अर्थ नाही. ही एक सवय मोडली तरी पुढची निम्मी गणितं आपोआप सरळ होतात.

पाठ असायला हवेत असे आकडे

एका तासात ३,६०० सेकंद, म्हणून १ अँपिअर-तास = ३,६०० कूलोम. मिलीअँपिअर-तास त्याचा हजारावा भाग, म्हणजे ३.६ कूलोम. अँपिअर-मिनिट हे एककही काही जुन्या मीटरवर दिसतं. ते ६० कूलोमचं.

रसायनाकडे जाण्याचा पूल म्हणजे फॅरेडे : १ मोल इलेक्ट्रॉनांचा एकूण प्रभार. एका इलेक्ट्रॉनावर १.६०२१७६६३४ × १०⁻¹⁹ कूलोम, आणि १ मोलमध्ये ६.०२२१४०७६ × १०²³ इलेक्ट्रॉन. मे २०१९ पासून हे दोन्ही आकडे व्याख्येनेच पक्के ठरवलेले आहेत, म्हणून त्यांचा गुणाकारही पक्का : ९६,४८५.३३ कूलोम. परीक्षेत ९६,५०० घेतात. त्यातला फरक शेकडा ०.०१५ इतकाच, त्यामुळे बोर्डाच्या किंवा सीईटीच्या उत्तराला धक्का लागत नाही. मात्र एकाच गणितात अर्ध्यावर ९६,५०० आणि अर्ध्यावर ९६,४८५ घेऊ नका. शेवटचे अंक जुळत नाहीत आणि चूक शोधण्यात वेळ जातो.

कारखान्यात याहून कामाचा आकडा वेगळा आहे. ९६,४८५ ला ३,६०० ने भागलं की २६.८०१ येतात. म्हणजे १ फॅरेडे = २६.८०१ अँपिअर-तास. टाकीजवळ उभं राहून हिशोब करणाऱ्याला कूलोमपर्यंत उतरायची गरजच पडत नाही.

उलट दिशेला, १ कूलोममध्ये ६.२४१५ × १०¹⁸ इलेक्ट्रॉन असतात. जुन्या पुस्तकांत स्थिरविद्युत एकक, म्हणजे स्टॅटकूलोम भेटलं तर १ कूलोम = २.९९८ × १०⁹ स्टॅटकूलोम. आणि ॲबकूलोम म्हणजे १० कूलोम. विद्युतरसायनात या दोन्हींची गाठ क्वचितच पडते.

वेळ नीट लिहा

१ तास २० मिनिटं म्हणजे १.२० तास नव्हे. २० मिनिटांना ६० ने भागा : ०.३३३. म्हणून १.३३३ तास. चुकून १.२० धरलं तर प्रभार शेकडा १० ने कमी येतो, आणि उत्तर दिसायला ठीकच दिसतं, त्यामुळे चूक पकडली जात नाही. कूलोम हवे असतील तर सगळा वेळ सेकंदात, अँपिअर-तास हवे असतील तर सगळा वेळ तासाच्या दशांशात. मिनिटं मधेच राहू देऊ नका.

एक सरावाचं गणित. कॉपर सल्फेटच्या द्रावणातून ०.५ अँपिअर प्रवाह ४० मिनिटं सोडला.

०.५ × २,४०० = १,२०० कूलोम
१,२०० ÷ ९६,४८५ = ०.०१२४४ मोल इलेक्ट्रॉन
तांब्याच्या एका आयनाला २ इलेक्ट्रॉन, म्हणून ०.००६२२ मोल तांबं
× ६३.५४६ (तांब्याचं मोलर वस्तुमान) = ०.३९५ ग्रॅम

ताळा दुसऱ्या वाटेने करा : ०.५ × ०.६६७ = ०.३३३ अँपिअर-तास, आणि दोन इलेक्ट्रॉनांच्या तांब्याचा दर अँपिअर-तासाला १.१८६ ग्रॅम. गुणाकार पुन्हा ०.३९५. दोन वाटांनी एकच उत्तर आलं तरच ते वहीत उतरवा.

प्रवाह स्थिर नसेल तर

साध्या पॉवर सप्लायवर व्होल्टेज स्थिर ठेवलं तर प्रवाह हळूहळू उतरतो. सुरुवातीचा आकडा घेऊन पूर्ण वेळेने गुणणं ही सर्वांत नेहमीची चूक. समजा दर १५ मिनिटांनी घेतलेल्या नोंदी अशा आहेत : २.००, १.८४, १.७२, १.६६, १.६२ अँपिअर. पहिल्या आणि शेवटच्या नोंदीची सरासरी १.८१. त्यात मधल्या तिन्ही मिळवा, ७.०३ होतात. गुणिले १५ मिनिटं = १०५.४५ अँपिअर-मिनिट. गुणिले ६० = ६,३२७ कूलोम, म्हणजे १.७५८ अँपिअर-तास. पहिला २ अँपिअरच धरला असता तर ७,२०० कूलोम आले असते, जवळजवळ शेकडा १४ जास्त. मग तोलल्यावर तांबं कमी भरतं आणि विद्यार्थी द्रावणाला दोष देतो.

सुरुवातीला प्रवाह झपाट्याने बदलत असेल तर पहिल्या दहा मिनिटांत नोंदी दाट घ्या. मात्र नोंदींमधलं अंतर असमान झालं की हे सूत्र जसंच्या तसं चालत नाही. प्रत्येक टप्प्याची सरासरी त्या टप्प्याच्या वेळेने वेगळी गुणून मग बेरीज करावी लागते.

प्रभारातून वजन : सगळा खेळ इलेक्ट्रॉनांच्या संख्येचा

वस्तुमान (ग्रॅम) = अँपिअर-तास × मोलर वस्तुमान ÷ (इलेक्ट्रॉनांची संख्या × २६.८०१)

यातली इलेक्ट्रॉनांची संख्या धातूच्या नावावरून ठरत नाही, तर तो धातू द्रावणात कोणत्या अवस्थेत आहे यावरून ठरते. तांबं ॲसिड सल्फेटच्या टाकीत दोन इलेक्ट्रॉन घेतं, म्हणून अँपिअर-तासाला १.१८६ ग्रॅम. सायनाइडच्या टाकीत तेच तांबं एकसंयुजी असतं, एकच इलेक्ट्रॉन लागतो, म्हणून दर दुप्पट : २.३७१ ग्रॅम. एकाच शॉपमध्ये दोन्ही टाक्या शेजारी असतात आणि एकीचा दर दुसरीला लावला जातो.

क्रोमचं तर विचारूच नका. सहासंयुजी क्रोमला धातू व्हायला सहा इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून अँपिअर-तासाला फक्त ०.३२३ ग्रॅम, तेही कागदावर. प्रत्यक्षात बराचसा प्रवाह हायड्रोजन काढण्यात जातो आणि क्रोमची कार्यक्षमता, म्हणजे प्रवाहातला धातू बसवण्यात गेलेला हिस्सा, साधारण शेकडा १० ते २० इतकीच राहते. क्रोमच्या टाकीला इतका जबर प्रवाह का द्यावा लागतो, ते यावरून कळतं.

बाकीचे नेहमी लागणारे दर : झिंक १.२२०, निकेल १.०९५, चांदी ४.०२५ ग्रॅम प्रति अँपिअर-तास. चांदीचा आकडा कूलोममागे १.११८ मिलिग्रॅम येतो. १९०८ साली आंतरराष्ट्रीय अँपिअरची व्याख्या याच आकड्यावर केली होती : सेकंदाला १.११८ मिलिग्रॅम चांदी बसवणारा प्रवाह. अँपिअर ठरवायला तेव्हा तराजू वापरत, हे लक्षात ठेवलं की प्रभार आणि वजनाचं नातं विसरत नाही.

एक पूर्ण काम : बोल्टवर ८ मायक्रॉन झिंक

बॅरलमध्ये, म्हणजे टाकीत फिरणाऱ्या पिंपात, भरलेल्या बोल्टचं एकूण क्षेत्रफळ २५० चौरस डेसिमीटर आहे असं धरू.

क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये आणा : २५,०००. जाडीही सेंटिमीटरमध्ये : ८ मायक्रॉन म्हणजे ०.०००८. गुणाकार २० घन सेंटिमीटर. झिंकची घनता घन सेंटिमीटरला ७.१४ ग्रॅम, म्हणून १४२.८ ग्रॅम झिंक बसवायचं आहे. याला १.२२० ने भागलं की ११७ अँपिअर-तास. कूलोममध्ये सुमारे ४ लाख २१ हजार, फॅरेडेमध्ये ४.३७. हे शेवटचे दोन आकडे टाकीजवळ कामाचे नाहीत, पण ताळ्याला चांगले : १४२.८ ला झिंकच्या मोलर वस्तुमानाने, ६५.३८ ने, भागून दोनाने गुणलं की तेच ४.३७ यायला हवेत.

आता कार्यक्षमता. ॲसिड क्लोराइड झिंकची साधारण शेकडा ९५ धरतात; म्हणजे ११७ ÷ ०.९५ = १२३ अँपिअर-तास. २५० अँपिअर प्रवाहावर हे काम अर्ध्या तासाचं. अल्कलाइन झिंकची कार्यक्षमता प्रवाहघनतेप्रमाणे (दर चौरस डेसिमीटरला किती अँपिअर) बरीच खालीवर होते. ती शेकडा ७० असेल तर १६७ अँपिअर-तास, म्हणजे त्याच प्रवाहावर ४० मिनिटं. कार्यक्षमतेने भागायचं असतं, गुणायचं नसतं. उत्तर कागदावरच्या आकड्यापेक्षा कमी आलं तर हमखास उलटं झालंय असं समजा.

आणि हा हिशोब सरासरी जाडीचा आहे. बोल्टच्या टोकाला जास्त, आट्यांच्या खोबणीत कमी, असं झिंक बसतंच. खोबणीत किमान ८ मायक्रॉन हवे असतील तर सरासरी ८ धरून भागत नाही.

अँपिअर-तास मीटर खरं कधी बोलतो

ब्राइटनरचा, म्हणजे मुलाम्याला चकाकी आणणाऱ्या रसायनाचा, डोस अँपिअर-तासावर ठरतो. समजा पुरवठादाराच्या पत्रकावर १०,००० अँपिअर-तासाला २ लिटर लिहिलंय. मीटर सकाळी ३८,४२० होता, आता ४३,९२०. फरक ५,५००, म्हणजे १.१ लिटर. इतकं सरळ.

पण आधी मीटरवर गुणक आहे का ते पाहा. काही मीटर ‘× १०’ वाचनाचे असतात; दर्शनी भागावर बारीक अक्षरात ते छापलेलं असतं. मग शंट, म्हणजे प्रवाहाच्या वाटेत जोडलेला ठरावीक छोटा रोध, तपासा. मीटर स्वतः प्रवाह मोजत नाही, शंटवरचे मिलिव्होल्ट मोजतो. शंट ५०० अँपिअर / ७५ मिलिव्होल्टचा आणि मीटरमध्ये सेटिंग १,००० अँपिअरचं, असं झालं तर वाचन दुप्पट येतं, ब्राइटनर दुप्पट पडतो, आणि कोटिंग ठिसूळ होऊ लागलं की लोक भलतीकडेच कारण शोधत बसतात. शंट बदलला की मीटरचं सेटिंग त्याच दिवशी बदला.

तारेभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरने ताळा घेताना आणखी एक गोष्ट. धातू बसतो तो सरासरी प्रवाहावर. ट्रू आरएमएस (सरासरी नव्हे, वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) दाखवणारा मीटर लहरी असलेल्या डीसीवर जास्त आकडा दाखवतो : फिल्टर नसलेल्या फुल-वेव्ह रेक्टिफायरवर (एसीचं डीसी करणाऱ्या यंत्रावर) सुमारे १.११ पट, हाफ-वेव्हवर १.५७ पट. मीटरवर डीसीची, म्हणजे सरासरीची रेंज लावा. प्रवाह चालू-बंद करत देणारा पल्स रेक्टिफायर असेल तर शिखरप्रवाह गुणिले चालू असण्याचा हिस्सा : १०० अँपिअर शिखर आणि शेकडा २० वेळ चालू, म्हणजे सरासरी २० अँपिअर.

लाइट गेली तर काय? घड्याळ पुढे जातं, अँपिअर-तास मीटर थांबतो. म्हणून खंडित विजेच्या दिवशी वेळेवर नव्हे, अँपिअर-तासावर काम सोडा. झिंकमध्ये हे बऱ्यापैकी चालतं. ब्राइट निकेलमध्ये मात्र प्रभाराचा हिशोब जुळला तरी कोटिंग वाचत नाही, कारण प्रवाह तुटताच निकेलचा पृष्ठभाग निष्क्रिय होतो आणि पुढचा थर त्याला धरत नाही, पापुद्रा सुटतो. तिथे माल काढून पुन्हा सक्रिय करूनच टाकीत घालावा लागतो.

इन्व्हर्टरची बॅटरी

१५० एएच बॅटरी म्हणजे ५,४०,००० कूलोम, सुमारे ५.६ फॅरेडे. डब्यावर या आकड्याशेजारी सी-२० किंवा सी-१० लिहिलेलं असतं. तो ‘सी’ कूलोमचा नव्हे. सी-२० म्हणजे हा प्रभार २० तासांत, ७.५ अँपिअरने काढला तर मिळतो. दहा तासांत, १५ अँपिअरने काढला तर सी-२० वाली बॅटरी त्याहून कमी देईल. दोन बॅटऱ्यांची तुलना करताना हा आकडा आधी सारखा हवा.

इथे नवख्याला हमखास फसवणारी गोष्ट आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल एकामागोमाग जोडलेले असतात. म्हणून बाहेर गेलेला प्रत्येक कूलोम सहाही सेलमधून गेलेला असतो, आणि प्रत्येक सेलमध्ये त्याने रासायनिक काम केलेलं असतं. प्रभार सहापट होत नाही, रासायनिक बदल मात्र सहा ठिकाणी होतो. १५० अँपिअर-तासाला प्रत्येक सेलमध्ये ५८० ग्रॅम शिसं, ६६९ ग्रॅम लेड डायऑक्साइड आणि ५४९ ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल खर्ची पडतं. प्लेटमधला सगळा माल वापरात येत नाही, म्हणून बॅटरीत भरलेलं वजन याहून बरंच जास्त असतं.

हाच हिशोब पाणी टाकण्याला लावा. बॅटरी पूर्ण भरल्यावरही चार्जर चालू राहिला तर तो प्रवाह पाण्याचं विघटन करतो : अँपिअर-तासाला ०.३३६ ग्रॅम, प्रत्येक सेलमध्ये. रोज रात्री २ अँपिअर दहा तास असे वाया गेले तर २० × ०.३३६ × ६ = ४० ग्रॅम. महिन्याला १.२ लिटर. सगळा जादा प्रवाह गॅस काढण्यात गेला असं धरल्याने हा वरचा आकडा आहे. पण महिन्याकाठी अर्धा-पाऊण लिटर डिस्टिल्ड वॉटर लागत असेल तर उन्हाला बोल लावण्याआधी चार्जरचं व्होल्टेज तपासून घ्या. आणि टाकायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. पाणी उडून जातं, क्षार सेलमध्येच राहतात आणि दर खेपेला वाढत जातात.

त्याच विघटनात हायड्रोजन निघतो : प्रत्येक सेलमधून अँपिअर-तासाला ०.४१८ लिटर, तेही शून्य अंश तापमानाला. परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात खोलीत ४० अंश असतील तर ०.४८ लिटर. वरच्या उदाहरणात सहा सेलचे मिळून रात्रीत ५७ लिटर. हवेत हायड्रोजन शेकडा ४ झाला की ठिणगीने पेट घेतो. बॅटरी बंद कपाटात किंवा देवघराखालच्या कप्प्यात ठेवू नये, याचं कारण या गुणाकारात आहे.

एएच आणि युनिट

वीजबिलावरचं युनिट म्हणजे किलोवॅट-तास, ती ऊर्जा आहे. प्रभाराला व्होल्टेजने गुणलं की ऊर्जा मिळते : १५० × १२ = १,८०० वॅट-तास, म्हणजे १.८ युनिट. व्होल्टेज ठाऊक नसताना एएचचं युनिट करता येत नाही. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो : ३६,००० कूलोम, ३७ वॅट-तास. ५ व्होल्टला बाहेर येताना तीच ऊर्जा, नुकसान शून्य धरलं तरी, ७,४०० एमएएच होते. दुकानदाराने फसवलं म्हणण्याआधी हे गणित करून पाहा.

प्रयोगशाळेतली लहान मापं

बॅटरीच्या पदार्थाची सैद्धांतिक क्षमता : २६,८०१ × इलेक्ट्रॉन ÷ मोलर वस्तुमान, उत्तर एमएएच प्रति ग्रॅम. सहा कार्बनमागे एक लिथियम घेणाऱ्या ग्रॅफाइटला ७२.०७ ने भागून ३७२. लिथियम आयर्न फॉस्फेटला १५७.७६ ने भागून १७०. कूलोम प्रति ग्रॅम हवं तर ३.६ ने गुणा : ग्रॅफाइटचे १,३३९. सुपरकपॅसिटरवाले फॅरड प्रति ग्रॅम सांगतात. त्याला व्होल्टेजच्या पट्ट्याने गुणलं की कूलोम प्रति ग्रॅम. १८० फॅरड प्रति ग्रॅम आणि १ व्होल्टचा पट्टा म्हणजे १८० कूलोम, म्हणजे ५० एमएएच प्रति ग्रॅम. फॅरड हे धारितेचं एकक आणि फॅरेडे हे प्रभाराचं. दोन्हींना मोठा इंग्रजी ‘एफ’ लिहितात, म्हणून वहीत नाव पूर्ण लिहा.

पृष्ठभागावरच्या प्रभाराला १ मायक्रोकूलोम प्रति चौरस सेंटिमीटर = ०.०१ कूलोम प्रति चौरस मीटर. चौरस मीटरमध्ये १०,००० चौरस सेंटिमीटर असतात, शंभर नव्हे; चूक इथे होते.

सायक्लिक व्होल्टॅमोग्रामवरून (व्होल्टेज ठरावीक वेगाने वर-खाली नेत घेतलेल्या प्रवाहाच्या आलेखावरून) प्रभार काढताना आलेखाखालचं क्षेत्रफळ अँपिअर-व्होल्टमध्ये असतं. त्याला स्कॅन रेटने, म्हणजे व्होल्टेज बदलण्याच्या त्या वेगाने, भागा, पण रेट व्होल्ट प्रति सेकंदात हवा. ५० मिलिव्होल्ट प्रति सेकंद म्हणजे ०.०५. क्षेत्रफळ २.५ × १०⁻⁶ असेल तर ÷ ०.०५ = ५० मायक्रोकूलोम. ०.०५ ऐवजी ५० ने भागलं तर उत्तर हजारपटीने लहान. प्लॅटिनमवर हायड्रोजनच्या एका थराला २१० मायक्रोकूलोम प्रति चौरस सेंटिमीटर धरतात, म्हणून इथे इलेक्ट्रोडचं खरं क्षेत्रफळ ०.२४ चौरस सेंटिमीटर. गुळगुळीत इलेक्ट्रोडचं हे उत्तर पट्टीने मोजलेल्या क्षेत्रफळापेक्षा कमी आलं तर आधी भागाकार पुन्हा करा. तो बरोबर निघाला तर इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग मळलेला आहे : पॉलिश करून, धुऊन नवा आलेख घ्या. आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ काढण्याआधी दुहेरी थराच्या (इलेक्ट्रोड-द्रावणाच्या सीमेवर जमणाऱ्या प्रभाराच्या) चार्जिंगचा भाग, म्हणजे आलेखाची तळरेषा, वजा केली होती ना ते पाहा. ती राहून गेली तर इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ खोटं मोठं दिसतं.